पाकोळ्यांचा चिखल

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून आणल्यावर आलोशियसनं मार्गारेटची खाट ओटीवर टाकली. आतल्या खोलीत एप्रिलची धग कौलांतून खाली उतरायची. ओटीवर निदान रस्त्याकडचं वारं होतं, येणारी-जाणारी माणसं दिसायची. डॉक्टरांनी कागदावर बरंच काही लिहून दिलं होतं. तोंडानं मात्र एवढंच सांगितलं, की आता घरी न्या, मागतील ते खायला द्या. पोटातली गाठ काळजापर्यंत पोचली होती. मार्गारेट काहीच मागत नव्हती. दोन चमचे पेज घ्यायची आणि तोंड फिरवायची.

सांडोरला त्यांचं तीस गुंठ्यांचं आवार होतं. पुढं घर, मागं वाडी. राजेळी केळी, केळीच्या सावलीला आळू, कडेनं दुधी आणि पडवळाचे मांडव. पस्तीस वर्षं दोघांनी मिळून ती वाडी केली होती. पहाटे मार्गारेट पाट फोडायची आणि आलोशियस पाण्यामागं फावडं घेऊन चालायचा. आता तो एकटाच होता.

"पानी सोडलंस?" ती रोज सकाळी विचारायची.

"सोडलं."

"राजेळीला जास्ती दे. तिला पुरत नाय."

"दिलं."

खरं म्हणजे द्यायला पाणी नव्हतं. अर्धा तास पंप चालला की विहिरीच्या तळाशी पाईप हवा ओढायला लागायचा, आणि त्या अर्ध्या तासात येई तेही खारं. केळीची पानं कडेनं करपत चालली होती. वाडीच्या टोकाचं बावखल, ज्या तळ्यात एरवी मे महिन्यापर्यंत म्हशी बसायच्या, ते मार्चमध्येच भेगाळलं होतं. ओटीवरून मागची वाडी दिसत नव्हती. आलोशियसला त्याचं बरं वाटायचं.

बांधापलीकडे त्याचा चुलतभाऊ सेबेस्टियन राहायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं आपली विहीर खोल केली, मोठी मोटर बसवली आणि तुळिंजच्या नव्या इमारतींना टँकरनं पाणी द्यायला सुरुवात केली. दिवसाला सहा-सहा टँकर भरून जायचे. त्याच्या विहिरीचं पाणी गोडं राहिलं; खाडीच्या बाजूच्या विहिरी एकेक करून खारटल्या. शेवटी चार घरांनी उपसा बंद करा म्हणून कचेरीत अर्ज दिला. अर्ज लिहिला तो ऑस्टिननं. पस्तिशीचा, पानवेलीची वाडी असलेला हुशार माणूस; त्याची विहीर अजून गोडी होती, पण आपली पाळी येणार हे त्याला दिसत होतं. पण पहिली सही आलोशियसची होती, कारण त्याची विहीर सेबेस्टियनच्या विहिरीला सगळ्यांत जवळ. त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. देवळात रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, एकाच बाकावर आले, तरी मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसायचे.

एका दुपारी मार्गारेट वर वाशांकडे बघत पडली होती. एकाएकी म्हणाली, "यंदा पन पाकोळ्या नाय आल्या."

आलोशियस पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला.

"नाय," तो म्हणाला.

"कशा येतील," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

आलोशियसला पुढचं सगळं माहीत होतं. पूर्वी दर वर्षी उन्हाळ्यात पाकोळ्यांची एक जोडी ओटीच्या तुळईला घरटं बांधायची. निळी-काळी पाठ, डोक्यावर विटकरी टोपी, शेपटीला दोन बारीक तारा. बावखलाच्या काठावरून चिखलाच्या गोळ्या चोचीतून आणायच्या आणि एकावर एक लावून वाटी करायच्या. मार्गारेटला त्यांचं भारी कौतुक. पण दादर मार्केटला जाणाऱ्या भाजीच्या पाट्या त्याच ओटीवर भरल्या जायच्या. एकदा पालेभाजीवर शिट पडली म्हणून व्यापाऱ्यानं आख्खी पाटी परत पाठवली. तेव्हापासून आलोशियस घरटं दिसलं की बांबूनं पाडायचा. तीन वर्षं पाडलं. तिसऱ्या वर्षी आत अंडी होती. मार्गारेटनं जमीन शेणानं सारवून घेतली, दुपारी त्याला जेवायला वाढलं, आणि स्वतः जेवली नाही. पाकोळ्या पुन्हा आल्या नाहीत, त्याला पाच वर्षं होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलोशियसनं माळ्यावरून फणसाची एक फळी काढली. हातभर लांब, वीतभर रुंद. शिडी लावून ती तुळईच्या खाली, खाटेवरून तिला नीट दिसेल अशी ठोकली. फळीवर तीन खिळे अर्धेच मारले, पाखराला पाय टेकायला.

"काय चाललंय?" मार्गारेटनं विचारलं.

"काय नाय. तुळई हलत होती."

तिनं फळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्या दिवशी तिनं पेज चार चमचे घेतली.

फळी झाली. आता चिखल हवा होता. बावखलाच्या तळातून त्यानं कुदळीनं काळी माती फोडून काढली. ढेकळं दगडासारखी झालेली. ती अंगणाच्या कोपऱ्यात टाकून त्यावर विहिरीच्या दोन बादल्या ओतल्या, थोडं शेण घातलं, भाताचा पेंढा बारीक तोडून घातला, आणि पायांनी तुडवत राहिला. साठी ओलांडलेला माणूस, घोट्यापर्यंत चिखलात. रस्त्यावरून जाणारा दूधवाला थांबून बघू लागला.

"आलूकाका, घर बांधताय काय?"

"हो," आलोशियस म्हणाला.

चिखल सुकू नये म्हणून त्यानं कडेनं ओली पोती अंथरली. सकाळी दोन बादल्या, दुपारी एक, संध्याकाळी एक. त्या चार बादल्या तो राजेळीच्या हक्काच्या तोडत होता, हे त्याला कळत होतं. कावळे यायचे, त्यांना हाकलायचा. शेजारचं मांजर ओटीवर चढायला लागलं, तर खाटेच्या पायाशी बसून राहायचा. मार्गारेट बघत असायची. दुपारी ग्लानीत असली तरी कुशीवर वळली की नजर पहिली फळीकडे जायची.

नवव्या दिवशी पाकोळ्या आल्या.

आधी तारेवर बसल्या. मग एक ओटीखालून सुईसारखी निघून गेली, परत आली, फळीच्या खिळ्यावर क्षणभर टेकली. संध्याकाळपर्यंत दोघींनी चिखलाच्या कोपऱ्यात उतरून चोची भरायला सुरुवात केली. फळीच्या वर, तुळईच्या अंगाला पहिल्या गोळ्या लागल्या.

बुधवारी मुलगी आली. डायना विरारला दिलेली. आठवड्यातून दोनदा येऊन आईला न्हाऊ घालायची, अंथरूण बदलायची. तिनं आल्या आल्या आईचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन बापाला म्हणाली, "बाबा, आय आज उठून बसली."

"पाकोळ्या आल्या," आलोशियस म्हणाला. त्याचा असा आवाज डायनानं आजवर ऐकला नव्हता.

पण चौथ्या दिवशी सकाळी मार्गारेटच्या चादरीवर मातीच्या गोळ्या पडलेल्या होत्या. वरची अर्धी वाटी गळून गेली होती. पाकोळ्यांनी पुन्हा लावल्या, पुन्हा पडल्या. गोळी सुकली की तिच्यावर पांढरी पावडर यायची आणि ती भुसभुशीत होऊन सुटायची. आलोशियसनं एक गोळी जिभेला लावली. खारट. अंगणातल्या चिखलाच्या कडेलाही पांढरी किनार आली होती.

मार्गारेटनं चादरीवरच्या गोळ्या एकेक करून तळहातावर गोळा केल्या होत्या. अंगणात टाकायला म्हणून त्यानं हात पुढं केला, तर तिनं मूठ मिटली.

"राहू दे," ती म्हणाली. "किती लांबून आनल्या त्यांनी."

दोन दिवसांनी पाकोळ्या दिसेनाशा झाल्या. आलोशियसनं त्यांचा माग काढला. त्या बांधापलीकडे जात होत्या. सेबेस्टियनच्या अंगणात टँकर भरायचा मोठा पाईप होता. त्याच्या तोंडाशी दिवसभर पाणी गळायचं, आणि तिथं लोण्यासारखा मऊ, काळा चिखल झालेला. गोड्या पाण्याचा. पाकोळ्या तिथून चोच भरायच्या आणि दहा हातांवर सेबेस्टियनच्याच ओटीखाली शिरायच्या.

दुसऱ्या दिवशी पहिला टँकर यायच्या आत आलोशियस घमेलं घेऊन बांध ओलांडून गेला. वाकून दोन्ही हातांनी चिखल भरू लागला. घमेलं अर्धं झालं तोच मागून आवाज आला.

"चोरी कसली करतोस? मागून न्यायचास."

सेबेस्टियन दारात उभा होता, तोंडात दातवण. आलोशियस उठून उभा राहिला. हातांना कोपरापर्यंत चिखल. अर्जानंतर पहिल्यांदाच भाऊ समोरासमोर बोलत होता, आणि तो असा.

"चिखलच हाय," आलोशियस म्हणाला.

"तेच बोलतोय. चिखल कोन चोरतो?"

घमेलं डोक्यावर घेऊन आलोशियस निघाला. मागून सेबेस्टियनच्या बायकोनं विचारलेलं त्याला ऐकू आलं, "कशाला हवा होता त्याला?" आणि सेबेस्टियनचं, "काय माहीत."

त्या चिखलाचाही उपयोग झाला नाही. अंगणात नवी जागा करून तो ठेवला, पण पाकोळ्यांची वाटी पलीकडे निम्म्यावर आली होती. त्या परत आल्या नाहीत. मार्गारेट दिवसभर रिकाम्या फळीकडे बघत पडायची. पेज पुन्हा दोन चमच्यांवर आली. तिनं विचारलंही नाही, कुठं गेल्या म्हणून. तेच आलोशियसला सहन होईना.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी मिस्सेनंतर तो देवळाच्या आवारात सेबेस्टियनची वाट बघत थांबला.

"तुझ्या ओटीला पाकोळीनं घर केलंय," तो म्हणाला.

"केलंय. मग?"

"मार्गारेटला बघायचंय. तासभर आनून बसवीन. सकाळचा."

सेबेस्टियन वाईट माणूस नव्हता. मार्गारेट या घरात नवरी म्हणून आली, तेव्हा वरातीत बाजा वाजवणाऱ्यांत तो पुढं होता.

"बसव की," तो म्हणाला. "वहिनी हाय ती माझी." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "पन आलू, सोमवारी सुनावनी हाय. सकाळी तू बायकोला माझ्या ओट्यावर बसवनार, आनि दुपारी कचेरीत जाऊन माझी मोटर बंद करा सांगनार. माझ्या पोरांनी कसं घ्यायचं ते? टँकरवाल्यांना मी काय तोंड दाखवू?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय नाय. तू बघ."

आलोशियसनं पाहिलं. रात्रभर नाही, घरी पोचेपर्यंतच्या वाटेवरच पाहून झालं. वाडी काय, ती जातच होती. मार्गारेटकडे किती दिवस होते ते डॉक्टरांनी न सांगता सांगितलं होतं.

सोमवारी कचेरीत चौघे अर्जदार बाकावर बसले होते. साहेबानं नाव पुकारलं. आलोशियस पुढं गेला. ऑस्टिन त्याच्या मागे फाईल घेऊन उभा राहिला.

"तुमच्या विहिरीचं पाणी खारट झालं, असं अर्जात म्हटलंय. कधीपासून?"

आलोशियस टेबलाच्या कडेकडे बघत होता. "पानी गोडं हाय, साहेब."

"काय?"

"गोडं हाय. माझी तक्रार नाय."

"आलूकाका," ऑस्टिन मागून हळूच म्हणाला.

साहेबानं चष्मा काढला. "सही तुमची आहे ना? मग ही तक्रार दिली कशाला?"

"सगळ्यांनी दिली, मी पन दिली."

"सर्वांत जवळची विहीर यांची," साहेब ऑस्टिनला म्हणाला. "तीच गोडी, तर बाकीच्या सेबेस्टियनच्या उपशानं खारटल्या असं मी कसं धरू?"

ऑस्टिननं फाईल बंद केली. त्यानं आलोशियसकडे पाहिलं ते रागानं नाही. काही समजत नसलेल्या माणसासारखं पाहिलं. येताना ऑस्टिनच्या स्कूटरवर मागं बसून आलेला आलोशियस जाताना चालत गेला. ऊन डोक्यावर होतं. वाटेत स्कूटर त्याच्या बाजूनं गेली, वेग कमी झाला नाही.

मंगळवारी सकाळी त्यानं मार्गारेटला पाठीवर घेतलं. पस्तीस वर्षं भाजीची ओझी वाहिलेली पाठ होती ती. मार्गारेट एका पाटीएवढीही राहिली नव्हती. तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली होती आणि तिचा उष्ण श्वास त्याच्या कानाला लागत होता.

"कुठं नेतोस?"

"चल तर."

सेबेस्टियनच्या बायकोनं वेताच्या खुर्चीत उशी ठेवली होती. मार्गारेटला बसवलं आणि आलोशियसनं बोटानं वर दाखवलं. वासा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात मातीची पुरी वाटी, तिच्या काठावरून बाहेर आलेल्या दोन तारा. मादी अंड्यांवर बसली होती.

"बसलीय," मार्गारेट म्हणाली. एवढंच. मग तिनं त्याचा हात धरला, सेबेस्टियनच्या बायकोसमोर, सरळ. असं तिनं कधी केलं नव्हतं.

नऊ दिवस तो तिला नेत होता. सातव्या दिवशी वाटीत चार चोची दिसू लागल्या, पिवळ्या कडांच्या. नर-मादी पाळीपाळीनं येऊन चोचीत काहीतरी कोंबून जायची. टँकर भरायचे, डिझेलचा धूर यायचा, ड्रायव्हर एकमेकांना शिव्या द्यायचे. पाकोळ्यांना त्याचं काही नव्हतं. सेबेस्टियनची बायको कपात कॉफी आणून द्यायची, आणि मार्गारेट दोन घोट खरोखर प्यायची. एकदा तिनं विचारलं, "सेबास्टी आनि तू बोलायला लागलात?"

"लागलो."

"बरं झालं," ती म्हणाली. "मरताना एवढं तरी."

दहाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आलोशियस मेणबत्त्या आणायला बाजारात गेला होता. परत आला तर मार्गारेट खाटेवर उठून बसली होती, भिंतीला पाठ टेकून. तिच्या तोंडावर घाम होता.

"ऑस्टिनची आय येऊन गेली," ती म्हणाली.

आलोशियसनं मेणबत्त्या कोनाड्यात ठेवल्या.

"तू कचेरीत काय सांगितलंस?"

त्यानं एक मेणबत्ती पुन्हा उचलली.

"पानी गोडं हाय, सांगितलंस? आपल्या विहिरीचं?"

"तुला पाकोळ्या बघायच्या होत्या."

"मी कवा बोलले?"

"तू बोललीस, यंदा पन नाय आल्या."

"ते बोलले. पडल्या पडल्या मानूस बोलतो." तिला धाप लागली. ती थांबली, पुन्हा बोलली. "मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? नऊ दिवस भारी बरं वाटलं. पन मला वाटलं, सेबास्टीनं तुला भाऊ म्हनून बोलावलं. तू वाडी दिलीस त्याला. वाडी देऊन आनलंस मला तिथं."

"वाडी तशी पन..." तो म्हणाला आणि थांबला.

"तशी पन काय?"

आलोशियसनं काडी ओढून मेणबत्ती लावली.

"उद्या मला सेबास्टीकडं नको नेऊ," ती म्हणाली. "मागं ने."

सकाळी त्यानं तिला पाठीवर घेऊन घराला वळसा घातला. पाटाच्या कडेनं चालला. पाटात पाण्याऐवजी पांढरी खपली होती. दुधीचा मांडव वाळून काटक्या झालेला. राजेळीची पानं कडेपासून शिरेपर्यंत तपकिरी होऊन खाली लोंबत होती, आणि एका झाडानं घड टाकलेला तो वाढायच्या आधीच काळा पडला होता. पाठीवरच्या मार्गारेटचे हात त्याच्या मानेभोवती घट्ट होत गेले.

"खाली ठेव," ती म्हणाली.

त्यानं तिला एका बुंध्याला टेकवून बसवलं. तिनं माती उचलली, बोटांत चुरली, वास घेतला.

"कवापासनं?"

"फेब्रुवारीपासनं."

"आनि मी रोज विचारत होते."

"तुला कसं सांगनार?"

"मला नाय सांगनार तर कोनाला सांगनार?" तिचा आवाज चढला नाही. "अरे, मी तिथं ओटीवर पडून रोज इथं फिरत होते. हे झाड, ते झाड. मी गेल्यावर पन ही हाय, तू पानी देतोस, एवढ्यावर माझं चाललं होतं."

आलोशियस तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला रडू येत होतं, आणि रडताना हात कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं. मार्गारेटनं मातीचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"ही दोन कापून टाक," ती म्हणाली. "त्यांच्यात काय नाय. ती कोपऱ्यातली तीन ठेव. पाऊस पडेल तोवर तग धरतील. बुंध्याशी नवी पिल्लं फुटली तर बाजूला काढ, ऑस्टिनच्या हद्दीकडं लाव, तिथं जमीन उंच हाय."

"बरं."

"आनि जाऊन खरं सांग. जिथं खोटं सांगितलंस, तिथंच सांग."

"सांगतो."

"मी असताना सांग."

पण तेवढे दिवस मिळाले नाहीत. त्या संध्याकाळपासून दुखणं वाढलं, गोळ्यांनी थांबेना. डायना राहायला आली. फादर येऊन तेल लावून, प्रार्थना करून गेले. सेबेस्टियनच्या बायकोनं कॉफी पाठवली. मार्गारेटनं कप बघितला आणि मान हलवली. चौथ्या दिवशी सकाळी डायना ओला कपडा घेऊन तिचं तोंड पुसत असताना ती गेली. आलोशियस त्या वेळी विहिरीवर होता. कोपऱ्यातल्या तीन केळींना बादलीनं पाणी घालत होता. डायनानं हाक मारली ती कशी मारली, त्यावरूनच त्याला कळलं. त्यानं बादली सावकाश खाली ठेवली, सांडू नये म्हणून.

मातीला सगळं गाव आलं. सेबेस्टियननं पेटीला खांदा दिला. ऑस्टिनही आला; त्यानं कबरीत मूठभर माती टाकली आणि आलोशियसच्या समोरून जाताना मान खाली घातली. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, तेव्हा देवळाच्या पायरीवर सेबेस्टियन आलोशियसला म्हणाला, "पिल्लं उडाली. काल सकाळी." आलोशियसनं मान हलवली. सांगायला घराकडं वळावं असं त्याच्या पायांना वाटलं, आणि मग ते तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. साहेब दौऱ्यावर होता. कारकुनानं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

"हो."

"कशासाठी?"

आलोशियसनं साहेबाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"ते प्रकरण निकाली निघालं, काका. आता नवीन अर्ज करा. तुमच्या एकट्याच्या सहीनं उपयोग नाही; आधीच्या सगळ्यांच्या घ्या."

डायनानं अर्ज लिहून दिला. आलोशियसनं खाली सही केली आणि कागद चार घड्या करून खिशात ठेवला. दोन दिवस तो खिशातच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ऑस्टिनच्या दारात जाऊन उभा राहिला. ऑस्टिन अंगणात पानवेलीचे वाळलेले तुकडे गोळा करत होता. अर्धा मांडव रिकामा होता. त्यानं वर पाहिलं.

आलोशियसनं कागद पुढं केला. ऑस्टिननं उभ्या उभ्या वाचला.

"आता?" तो म्हणाला. "आता कशाला, काका?"

"सही पायजे तुझी."

"त्या दिवशी आम्ही सगळे होतो तिथं. तुमच्या एका शब्दावर होतं. सेबास्टी अंकलनं काय दिलं तुम्हांला? लोक काय काय बोलतात. मी कुणावर विश्वास ठेवला नाही. पण तुम्हीच सांगा, काय दिलं?"

हे आलोशियस फादरपाशी बोलला नव्हता, डायनापाशी नाही.

"पाकोळ्या," तो म्हणाला.

"काय?"

"पाकोळ्यांनी त्याच्या ओटीला घर केलं होतं. मार्गारेटला बघायच्या होत्या. मी पूर्वी पाडलेली त्यांची घरं, आमच्या ओटीवरची. तिला बसवायचं होतं तिथं. नऊ दिवस बसवलं." तो थांबला. "मग तिला कळलं. मग ती नाय गेली."

ऑस्टिनच्या तोंडावर आधी हसू येईलसं वाटलं. ते आलं नाही. त्यानं हातातल्या वाळक्या वेली खाली टाकल्या. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं होतं. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"बसा, काका," ती म्हणाली.

आलोशियस पायरीवर बसला. त्यानं तांब्या तोंडाला लावला. पहिला घोट जिभेवर आला आणि तो थबकला. खारट. त्यानं वर पाहिलं. ऑस्टिनची बायको दुसरीकडे बघत होती. ऑस्टिन कागदाकडे बघत होता.

"कवापासनं?" आलोशियसनं विचारलं.

"पंधरा दिवस झाले," ऑस्टिन म्हणाला.

आलोशियसनं तांब्या पुन्हा वर केला आणि ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.